विजूच्या यंत्राच्या मोटरी

११ जून, बुधवार

नेमा ही कुणी बाई नाही! मोटरीच्या तोंडाच्या मापाला नेमा म्हणतात. नेमा सतरा, नेमा तेवीस, नेमा चौतीस. आकडा वाढेल तशी मोटर जाडी. इतकी वर्षं मुलांना संस्कृत शिकवतोय, आणि एवढं ज्ञान व्हायला आजची दुपार उजाडावी लागली.

विजूकडे गेलो होतो. माझं घर दोन क्रॉस, म्हणजे दोन आडव्या गल्ल्या सोडून, पण म्हैसूरच्या कुवेंपुनगरातले हे दोन क्रॉस हल्ली फार लांब वाटतात. तो शेडमध्ये खुर्चीत होता. शेड कारसाठी बांधलेली. कार बाहेर उन्हापावसात, आत यंत्र. संगणकानं आकृती सांगायची आणि यंत्रानं ती फळीवर कोरायची, असलं काहीतरी. रविवार-रविवार करत त्यानं सांगाडा उभा केला. रूळ झाले, लांब स्क्रू बसले, कोरायची सुई लागली. मोटरी तेवढ्या राहिल्या. मग चैत्रात एका सकाळी दाढी करता करता पडला. मेंदूत गुठळी. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेलं.

पाय थोडा आला. वाचा नाही. माझा धाकटा भाऊ विजयेंद्र — लहानपणी याला गप्प बसवायला आई तोंडात गुळाचा खडा कोंबायची — आता मान हलवतो, डोळे मिटतो. बस.

मी शेजारी बसलो. नेहमीसारखा. आणि त्यानं डावा हात उचलून सांगाड्याच्या टोकाची रिकामी चौकट दाखवली. चार भोकांची. मी म्हटलं, मोटर? पुन्हा दाखवली. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाखवली.

ठरलं. मोटरी मी आणणार. त्याच्या डोक्याला चाळा मिळेल, मन त्यात गुंतलं की जीभही हलेल. पावनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, 'भावजी, तुम्हाला मिक्सरचं भांडं बसवता येत नाही.'

१२ जून

पावनीच्या मिक्सरचं भांडं बसवून पाहिलं. बसलं. आता निघत नाही.

१६ जून, सोमवार

भव्या आली होती. विजूच्या बोलण्याचे व्यायाम घेणारी मुलगी. हसरी, कन्नडमध्ये गोड बोलते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, 'मनेयल्लि याव भाषे?' घरात कुठली भाषा? मी छाती काढून सांगितलं — मराठी. फक्त मराठी. सहा पिढ्या म्हैसुरात झाल्या, पण उंबऱ्याच्या आत दुसरा शब्द नाही. आईचा कायदाच होता तसा: चपला आणि कन्नड बाहेर काढून घरात यायचं. आई गेली, कायदा राहिला. भव्यानं मान डोलावली. मग याच भाषेत बोला म्हणाली, दोन-दोन मिसळून त्यांना गोंधळात टाकू नका.

तिला मराठी येत नाही. म्हणून ती चित्रांचे पत्ते धरते आणि नाव पावनी म्हणते. कुलूप. पेला. छत्री. विजू छत्रीकडे बघतो, मग पावनीकडे बघतो. एखादी शहाणी बाई भर सभेत काहीतरी वेडंवाकडं बोलली की आपण जसं बघतो ना, तसं.

आजही काही नाही. जाताना भव्या म्हणाली, टाइम बेकु सर. वेळ लागेल. वेळ आहेच. वेळाचंच काय करायचं हा प्रश्न आहे.

२१ जून, शनिवार

अशोका रोडच्या मागे मनोहररावाचं दुकान. जुन्या प्रिंटरांतून, झेरॉक्स मशिनांतून काढलेल्या मोटरी पोत्यात बटाट्यासारख्या भरलेल्या. नव्या वेगळ्या, काचेत.

नाव ऐकून मी मराठीत सुरुवात केली. तो आनंदानं ओरडला, 'आम्ही मराठीच, मेष्ट्रे! मराठी बरल्ल, अष्टे!' मराठी येत नाही, एवढंच. मेष्ट्रे म्हणजे मास्तर, मी. पणजोबाचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. त्या सगळ्या स्वारीतून आता उरलंय 'बस की', 'जेवलास का' आणि एक शिवी. शिवीचं व्याकरण मात्र अगदी शुद्ध. मी शाबासकी दिली.

मोटर कुठली घ्यावी? यावर त्याचा सिद्धांत सरळ आहे — सगळ्यांत मोठी. 'दोड्डदे तगोळि मेष्ट्रे, चिंते इल्ल!' मोठीच घ्या, काळजी नाही. मला पटलं. देवळाची घंटा, पातेलं, शब्दकोश — मोठं घेतलं की पुन्हा घ्यावं लागत नाही. नेमा चौतीस. उचलून पाहिली तर मनगटात कळ. तीन हव्यात. तो म्हणाला, मी घरी आणून देतो, विजयेंद्र सारांना बघून पण होईल. विजू त्याचं जुनं गिऱ्हाईक. काय झालं ते सांगितलं, तर तोंडातली सुपारी चघळायचा थांबला. बोलत नाहीत हे मात्र सांगायचं राहिलं. की मीच सांगितलं नाही?

२४ जून

मला तिथे नुसतं बसवत नाही. पावनी त्याला भरवते, तोंड पुसते, औषध देते. तिला हात लावायला काम आहे. मी खुर्ची. विजूच्या समोर ठेवलेली दुसरी खुर्ची.

डोळ्यांत पाणी येतं. पावनीला सांगतो, शेडमधला भुसा. चैत्रापासून त्या शेडमध्ये भुसा पडलेला नाही हे तिला माहीत आहे. ती पंखा कमी करते. विजू एकदा बघतो आणि मान फिरवतो.

३ जुलै, गुरुवार

क्रमानं लिहितो.

दुपारी मनोहरराव रिक्षातून आला. एक खोकं मांडीवर, दोन पायाशी. मोटर काढून त्यानं सरळ विजूच्या मांडीवर ठेवली आणि दुकानात विचारतो तसं विचारलं, 'हेगिदे सार? इदु साका?' कशी आहे? ही पुरे का?

विजूनं मोटर डाव्या हातानं ढकलली. आणि म्हणाला —

'दोड्डदु बेड.'

मोठी नको.

मनोहररावाला काय ठाऊक! त्यानं नेहमीसारखं विचारलं, 'याके सार?' का बरं? विजूचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. 'स्पीड... बंदरे... सायत्ते.' वेग आला की मरते. मग बराच वेळ शोधून: 'इप्पत्मूरु.' तेवीस. नेमा तेवीस!

पावनी दारात उभी होती. आत गेली, गॅस बंद केला, परत आली. मग म्हणाली, 'भावजी, हे बोलले.'

मी उठून त्याचे खांदे धरले. विजू, काय म्हणालास? बोल, पुन्हा बोल, मोटर कशी हवी तुला? अस्खलित मराठीत. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याचा चेहरा मिटला. छत्रीच्या वेळचा तो चेहरा.

मनोहरराव कधी माझ्याकडे बघे, कधी मोटरीकडे. बिचारा विचारत होता, मोटर परत नेऊ का?

४ जुलै

दिवसभर मराठी. काही नाही. एक शब्द नाही.

संध्याकाळी पावनी त्याच्यासमोर उभी राहिली. पदराशी चाळा करत, नव्या सुनेसारखी. म्हणाली, 'कॉफी बेका?'

'बेकु.'

हवी. तिला हसू फुटलं. मग कॉफी करायला आत गेली, तर कितीतरी वेळ नळ चालू होता. नुसताच.

९ जुलै, बुधवार

भव्या म्हणाली, असं होतं कधीकधी. दोन भाषांच्या माणसाची एक परत येते, एक नाही. कुठली येईल हे घराला विचारून ठरत नाही. मग अगदी हळू विचारलं तिनं, 'सर, कचेरीत ते कुठली भाषा बोलायचे, हे तुम्ही सांगितलं नाहीत.'

नाही सांगितलं. तिनं घरातली विचारली, मी घरातली सांगितली. अभिमानानं सांगितली. आणि चैत्रापासून मी आणि पावनी, दोघं सुशिक्षित माणसं, त्याला कुलूप आणि पेला ओरडून सांगत होतो. जगात दुसरं कुणी असं केलं असतं का? शेजारच्या गौडांच्या घरात हा पडला असता तर पंधरा दिवसांत कॉफी मागितली असती.

बंगळुराहून स्मृतीचा फोन. ही विजूची मुलगी, हिचं मराठी म्हणजे अर्ध्या वाटीत मावेल. बापाशी भरभरून बोलली, तोही एकेक शब्द देत होता. नंतर मला म्हणाली, 'काका, आम्ही स्कूटरवर कन्नडच बोलायचो. शाळेपासून गेटपर्यंत. गेट आलं की बाबा म्हणायचे, आता आज्जीची भाषा.' आणि हसली. आणि मग फोनवर रडली.

म्हणजे घरात दोन घरं होती. मला एकच ठाऊक होतं.

१८ जुलै

'एष्टु व्होल्ट?' किती व्होल्ट?

भावाशी आयुष्यात बोललेलं पहिलं कन्नड वाक्य. भिंतीवर आईचा फोटो. तिकडे पाठ करून बोललो.

२० जुलै, रविवार

अभ्यास चालू आहे. कन्नडचा नव्हे, ती मला येते. बाजारात, बँकेत, कॉलेजात, सगळीकडे बोलतो. विजूपाशी मात्र जीभ उंबऱ्यावर अडखळते. चपला घालून स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटतं.

तरी विचारतो. तो एका शब्दात उत्तर देतो. मी घरी येऊन त्यावर भाष्य लिहितो, आमची ती जुनी परंपराच आहे. आजचं सूत्र: 'निंताग'. म्हणजे उभी असताना. भाष्य: मोटरीच्या कागदावर जे बळ छापलेलं असतं ते ती जागच्या जागी उभी असतानाचं. फिरायला लागली की बळ उतरतं. जाडजूड मोटर उभ्यानं पहिलवान, पण तिच्या पोटात तारेचे फार वेढे. वेगात वीज तिच्यात वेळेवर शिरतच नाही, मग ती घुं करून थांबते. मध्यम मोटर घ्यावी आणि व्होल्ट वाढवून द्यावेत. म्हणजे पळताना दम टिकतो.

मनोहररावाला हे ऐकवलं. तो म्हणाला, पण मेष्ट्रे, मोठी दिसायला बरी दिसते. पूर्वपक्ष मोठा चिवट आहे.

पावनीचं मत: आधी एक पोळपाट कोरून दाखवा म्हणावं, मग बळाचं बोला.

३ ऑगस्ट, रविवार

नेमा तेवीस, तीन नग, आल्या. प्रत्येकीतून चार तारा. चार तारांत कुणाचं कुणाशी जमलंय हे कागदावर लिहिलेलं असतं. आमच्या खोक्यात कागद नव्हता. पत्रिका जुळवायला बसावं तसा मी तारा घेऊन बसलो.

विजूनं हात पुढे केला. दोन तारांची टोकं दातात धरून डाव्या हातानं पिळली. मोटरीचा दांडा माझ्या बोटात दिला: फिरव. सहज फिरला. मग जोडी बदलली. फिरव. फिरेना! कुणी आतून धरून ठेवल्यासारखा घट्ट. 'जोडि,' तो म्हणाला आणि गालातल्या गालात हसला. उजवा गाल आला नाही, पण डाव्यानं दोघांचं हसून घेतलं.

तेवढ्यानं मी चढलो. लहानपणची गोष्ट काढली. बेट्टदपुरच्या डोंगरावर वडलांच्या मागे पायऱ्या चढताना यानं देवाचा नारळ हातातून सोडला, तो टप टप करत थेट खाली गेला आणि वडील वरून ओरडले, 'आता तूही जा त्याच्या मागे!' पन्नास वेळा हसलोय आम्ही यावर. मराठीत सांगितली. तो पाहुण्याकडे बघावं तसं हसला. मग कन्नडमध्ये सांगितली. सगळं सांगितलं, नारळ, पायऱ्या, वडील. पण कन्नडमध्ये ती आमची राहिली नाही. म्हैसुराहून बेट्टदपुरची बस कुठून सुटते हे कुणी सांगावं, तशी झाली. आमचे वडील कन्नडमध्ये कधी ओरडलेच नव्हते.

विजू लक्ष देऊन ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, 'हौदा?'

असं का?

४ ऑगस्ट

गेलो नाही.

६ ऑगस्ट

पावनी स्वतः बोलवायला आली. म्हणाली, 'तुम्ही दोन दिवस रुसून बसाल, मी कुठे रुसू? मला वाटतं मी दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला औषध देतेय. चांगला माणूस आहे हो. "थँक्स" म्हणतो मला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, कधी थँक्स म्हणाले होते का?'

चप्पल घातली आणि गेलो.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

आरतीला विजूची खुर्ची देवासमोर आणली. मी घंटा, पावनी तबक. स्मृती आलीय, ती टाळ. दुसऱ्या ओळीला वाटलं, कोणीतरी जास्तीचं म्हणतंय.

विजू म्हणत होता. मराठीत! पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न गाळता, आईच्या चुकीच्या चालीसकट. पावनीचं तबक वाकडं झालं, कापूर पाटावर पडला, कुणी उचलला नाही.

संपली. टाळ थांबले. पावनी त्याच्यापाशी गुडघ्यावर बसली. 'मोदक देऊ?' मराठीत.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. किती सौम्य चेहरा! आणि आत कोणी नाही.

भव्याला फोन केला. म्हणाली, पाठ केलेलं, गायलेलं, हे मेंदूत वेगळ्या कोपऱ्यात असतं सर. तिथून ते बोलण्यात येत नाही.

८ सप्टेंबर

आमचा गणपती दीड दिवसाचा, विसर्जन होऊन अकरा दिवस झाले. आरती चालू आहे. पाट रिकामा, समोर आम्ही तिघं. एवढं एकच मराठी तो आमच्याशी बोलतो आणि तेही देवाशी बोलतो.

१४ सप्टेंबर, रविवार

यंत्र चाललं!

स्मृतीनं आल्या वेळी लॅपटॉप लावून दिला होता. मी बटण दाबलं, मोटरी गायला लागल्या. खरंच गातात, वेग बदलला की सूर बदलतो. फळीवर वर्तुळ कोरायचं होतं. मी वेग वाढवला. विजू म्हणाला, 'निधान.' सावकाश. मी ऐकलं नाही. वर्तुळाचा शेवट सुरुवातीला येऊन मिळालाच नाही. बोटभर फट.

कारण नंतर कळलं. ही मोटर इतकी पावलं टाक म्हटलं की टाकते. मध्ये अडखळली, दोन पावलं हुकली, तर तिला ते कळत नाही. सांगणाऱ्यालाही कळत नाही. दोघंही ठामपणे समजतात की आपण पोचलो. प्रत्यक्ष प्रमाण काही नाही, नुसता विश्वास. न्यायशास्त्राच्या वर्गात मी हिला नापास केलं असतं.

आम्हीही विजूशी बोलताना हेच करत होतो. 'विजू, ऐकतोयस ना?' म्हणायचं आणि पुढे जायचं.

पुन्हा कोरलं. निधान. जुळलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

आज यंत्रांना सुट्टी. सगळं म्हैसूर धुऊन काढलेलं. रिक्षांना केळीचे खुंट, सायकलींना हार. आमच्याही तीन मोटरींना झेंडू. पावनीनं मिक्सरलाही कुंकू लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

विजूला कुंकू लावायचं होतं. उजव्या हातानं. आम्ही थांबलो. हात मांडीवरून उठला नाही. कपाळाची शीर उठली, हात नाही. मग त्यानं डाव्या हातानं उजवा हात मनगटाशी धरला, उचलला, त्याचं बोट कुंकवात बुडवलं आणि मोटरीला टेकवलं. हत्यार धरावं तसा. तिन्ही मोटरींना. चौथ्यांदा बुडवून त्यानं तेच बोट आपल्या उजव्या दंडाला टेकवलं.

पावनी म्हणाली, कोहळा फोडायला बाहेर चला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टर. मेंदूचे फोटो पाहिले, हात वाकवला, सोडला. हात आता एवढाच. बोलणंही फारसं पुढे जाणार नाही. पुन्हा झटका येऊ नये म्हणून गोळ्या, आणि जपा. सगळं इंग्रजीत, विजूच्या डोक्यावरून, माझ्याकडे बघून. विजूला इंग्रजी अजून कळतं का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ऑटोत पावनी पुढे बघत होती. मी विजूचा हात धरला आणि कन्नडमध्ये खोटं बोललो. पुढच्या दसऱ्याला तूच चालवणार बघ यंत्र. मातृभाषेत एवढं सराईत खोटं मला जमलं नसतं.

तो म्हणाला, 'हूं, अण्णा.' अण्णा म्हणजे थोरला भाऊ, मी.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज बरं वाटलं. किती दिवसांनी!

विजूनं एक बोट वर केलं: 'इन्नोंदु बेकु.' अजून एक हवी. चौथी मोटर! लाकूड गोल फिरवत कोरायचं असेल तर त्याला वेगळी लागते. म्हणजे त्याच्या डोक्यात पुढचं काम आहे. पुढचं आहे म्हणजे उमेद आहे. डॉक्टरला काय कळतंय.

या वेळी मी चोखंदळ झालोय. जागा हुकली तर स्वतःच ओळखून दुरुस्त करणारी मोटर मिळते, तीच घ्यावी का, यावर दोन दिवस वाचतोय. सोसल्याच्या मठातून व्याख्यानाचं बोलावणं होतं. कळवलं, सध्या मोटरींचा अभ्यास चालू आहे. तिकडून उत्तर नाही. बहुधा मला कुठला तरी नवा संप्रदाय मिळाला असं वाटलं असेल.

पावनी म्हणते, 'भावजी, हल्ली तुम्ही जेवताना वरण परत मागता.'

८ नोव्हेंबर, शनिवार

मनोहरराव चौथी मोटर घेऊन आला. मी आतून तिघांची कॉफी घेऊन शेडकडे गेलो आणि दारातच थांबलो. तो विजूला विचारत होता, सार, हे यंत्र तुम्ही कधी चालवणार नाही म्हणता, मग आणखी मोटर कशाला?

विजूनं एकेक शब्द उचलून ठेवला. 'अण्णा... सुम्ने कूतु... अळ्तिद्द. केलस... कोट्टे.'

अण्णा नुसता बसून रडत होता. काम दिलं.

कॉफीवर साय धरेपर्यंत उभा राहिलो. मग आत जाऊन विचारलं, विजू, पुढचं काम काय? त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, बराच विचार केला आणि डाव्या हातानं तारांचा एक गुंता माझ्या पुढ्यात सरकवला.